लॉन, गांडुळं आणि मोहाची पेंड

२० डिसेंबर १८४२. इंग्लंडच्या केंट परगण्यात डाउन नावाचं एक खेडं आहे. तिथे तीनच महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या तेहतीस वर्षांच्या एका गृहस्थांनी घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरायला लावले. (खडू म्हणजे फळ्यावर लिहायचा नव्हे, तिथल्या टेकड्यांतून निघतो तो पांढरा खडक.) पसरून झाल्यावर त्यांनी काय केलं? काहीच नाही. थांबले. एकोणतीस वर्षं थांबले. १८७१ चा नोव्हेंबर संपता संपता त्यांनी त्याच जागी चर खणायला लावला. चराच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या खड्यांची रेघ दिसली, जमिनीपासून सात इंच खाली. वरचा गवताचा थर वगळून हिशेब केला तर वर्षाला ०.२२ इंच, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर.

हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स डार्विन. मधल्या काळात त्यांनी जगाची झोप उडवणारं एक पुस्तक लिहून हातावेगळं केलं होतं, पण कुरणातल्या त्या खडूचा हिशेब डोक्यातून गेला नव्हता. त्या कुरणात नांगर फिरला नव्हता, कुणी वरून मातीही टाकली नव्हती. खडू काही आपण होऊन बुडाला नव्हता. खालची बारीक माती वर येऊन त्याच्यावर बसली होती, आणि ती वर आणली होती गांडुळांनी.

डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक १८८१ च्या ऑक्टोबरात निघालं, म्हणजे ते जाण्याच्या सहा महिने आधी. मी ते हातात घ्यायचं कारण विज्ञानाची आवड वगैरे नाही. कारण आमच्या घरामागचं लॉन.

लॉन आपलं म्हणायचं म्हणून. घर १९३० च्या दशकातलं, मागे साधारण शंभर चौरस मीटरचा तुकडा. त्यात गवत होतं, पण ते इतर मंडळींच्या मानाने अल्पसंख्याक. कुंपणाजवळ शेवाळ, मधे मधे टक्कल, बाकी क्लोव्हर आणि डेझीचं राज्य. जमीन अशी की अंधारात चाललं तर पाय मुरगळायचा. मधोमध एक लांबट खड्डा, पाऊस पडला की पक्ष्यांच्या अंघोळीची सोय. आणि पावसाळी थंडी सुरू झाली की सगळीकडे गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या गोळ्या. त्यावर पाय पडला की चिखलाचा लपका, आणि तो लपका वाळला की त्याखालचं गवत मेलेलं.

सल्ला देणारे तिघे भेटले. एक म्हणाला, जड रोलर फिरवा. दुसरा म्हणाला, सगळं उखडून टाका आणि गवताच्या तयार गुंडाळ्या आणून अंथरा. तिसरे एक जाणते गृहस्थ होते. ते गुडघ्यावर बसले, दोन गोळ्या बोटांनी चुरडल्या आणि निदान सांगावं तसं म्हणाले, "तुमच्याकडे गांडुळं फार झाली आहेत."

आता, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वाक्य समजायलाच वेळ लागतो. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे आम्ही इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहू. (कणा नसलेल्या माणसालाही आपण गांडूळच म्हणतो, ते वेगळं. मित्राचा असा उद्धार फक्त आपणच करू जाणे.) मित्र "फार झाले" म्हणजे काय? म्हणून शोधायला लागले की इंग्रजांचं आणि गांडुळांचं नक्की कधी आणि कशावरून बिनसलं.

भांडण जुनं आहे. सेलबर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७७७ सालच्या एका पत्रात लिहून ठेवलंय की गांडुळं नसतील तर जमीन थंडगार, घट्ट आणि नापीक होईल. त्याच पत्रात ते असंही म्हणतात की माळ्यांना गांडुळं डोळ्यासमोर नको असतात, कारण ती बागेतल्या वाटा विद्रूप करतात. म्हणजे मित्र आणि शत्रू या दोन्ही नोंदी एकाच पत्रात, अडीचशे वर्षांपूर्वीच्या.

पण तेव्हा लॉन हे प्रकरणच मूठभर लोकांचं होतं. गवत कापायचं ते लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने, दोन्ही हातांनी झोका देत, आणि तेही पहाटे दव असताना, कारण ओलं गवत पात्याखाली नीट येतं. त्याच्या आधी गोळ्या झाडून काढायच्या आणि रूळ फिरवायचा, मागाहून बायकांनी कापलेलं गवत गोळा करायचं. दारापुढे गुळगुळीत हिरवळ असणं म्हणजे एवढी माणसं पोसायची ऐपत असणं. बाकीच्यांकडे होती ती मेंढ्यांनी कुरतडलेली कुरणं, आणि तिथे उंचसखलपणाबद्दल मेंढ्यांची काही तक्रार नसे.

हे बदललं १८३० मध्ये. ग्लॉस्टरशरमधलं स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं गाव. विणून झालेल्या कापडावरची लव एकसारखी कापायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असे. जवळच्या थ्रप गावचा एडविन बडिंग हा कारागीर त्या यंत्रांवर काम करायचा. कापडाची लव कापता येते तर जमिनीची का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पातं एकोणीस इंच रुंद. अर्जात त्याने असंही नमूद केलं की खेड्यातल्या सद्गृहस्थांना हे यंत्र चालवणं हा एक मजेशीर आणि आरोग्यदायी व्यायाम वाटेल. सद्गृहस्थांना दर रविवारी तो कसा वाटतो हे विचारायला बडिंग आता नाही.

माझ्या मते लॉनच्या इतिहासातली खरी मेख इथे आहे. विळा जमिनीच्या उंचवट्यांशी जमवून घेतो. कापणाऱ्याचा हात वर-खाली होतो. यंत्राला ते जमत नाही. उंचवटा आला की ते गवत मुळापासून सोलतं, खड्डा आला की वरून निघून जातं, आणि मातीची गोळी आली की पात्याची धार जाते. म्हणजे जमीन उंचसखल असणं हा दोष ठरला तो यंत्र आल्यावर. त्याआधी तो नुसता जमिनीचा स्वभाव होता.

मग खेळ आले. १८६० च्या दशकात क्रोकेची साथ पसरली, १८७० च्या दशकात लॉन टेनिसची. चेंडू सरळ जायचा, उसळायचा तर मैदान टेबलासारखं हवं. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची, वर्पल रोडवरच्या जुन्या मैदानावर. ती भरवण्यामागचं कारण असं सांगतात की क्लबचा तट्टू जुंपून ओढायचा रोलर नादुरुस्त झाला होता आणि दुरुस्तीला पैसे हवे होते. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित टेनिस स्पर्धेच्या मुळाशी सपाट जमिनीची हौस आहे.

त्याच १८७७ मध्ये डार्विनच्या घरच्या हिरवळीवर त्यांचे चिरंजीव होरेस (पुढे केंब्रिजला शास्त्रीय उपकरणांची कंपनी काढणारे) एक गोल दगड ठेवत होते. व्यास दीड फूट, मधोमध भोक. भोकातून धातूच्या कांबी खालच्या खडकापर्यंत ठोकलेल्या. कांबी हलणार नाहीत, दगड मात्र खालची माती गांडुळं वर काढतील तसा खचत जाईल, आणि तो किती खचला हे बारीक मोजमापाच्या उपकरणाने टिपायचं. पुढे बरीच वर्षं मोजून आकडा आला वर्षाला २.२२ मिलिमीटर. डाउन हाउस आता स्मारक आहे आणि त्या दगडाची पुन्हा बनवलेली आवृत्ती तिथल्या लॉनवर पाहायला मिळते. गर्दी अर्थातच अभ्यासिकेपाशी असते. दगडापाशी मी आणि एक कंटाळलेलं शाळकरी पोर, एवढेच होतो.

एकाच साली, एकमेकांपासून फार तर पंधरा मैलांवर, एक मंडळी जमीन वरून दाबून सपाट करायला पैसे जमवत होती आणि दुसरं एक कुटुंब खालून ती कोण सपाट करतंय हे मोजत होतं.

"सपाट करतंय" हे मी उगाच म्हणत नाही. डार्विनच्या पुस्तकात मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण आहे ते त्यांच्या घराजवळच्या आणखी एका शेताचं. १८४१ मध्ये ते शेवटचं नांगरलं आणि मग कुरण म्हणून सोडून दिलं. गारगोट्यांनी इतकं भरलेलं की त्यांची मुलं त्याला दगडांचं शेत म्हणत. उतारावरून पळताना दगड खडखडायचे. हे सगळे दगड आपल्या हयातीत झाकले जातील का, अशी डार्विनना तेव्हा शंका होती. तीस वर्षांनी, १८७१ मध्ये, त्या शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घोडा दौडत गेला तरी नालाला एक दगड लागत नव्हता. तिथला वेग खडूच्या कुरणापेक्षा बराच कमी होता, तीस वर्षांत अडीच इंच. तरी पुरला.

लोकांना हे पटायला जड गेलं. १८६९ मध्ये फिश नावाच्या एका नामवंत बागाइतदाराने छापील आक्षेप घेतला की एवढासा दुबळा किडा एवढं प्रचंड काम करणं शक्यच नाही. (फिश आडनावाच्या माणसाने गांडुळांना कमी लेखावं हे मला फार आवडलं.) डार्विनचं उत्तर साधं होतं : लहान कारण, पण सतत चालणारं. त्यांनी गोळ्या गोळा करून, वाळवून, तोलून हिशेब मांडला. इंग्लंडच्या बऱ्याच भागात एकरी दहा टनांहून जास्त माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते.

एवढं सगळं छापून आल्यावर, पुस्तक हातोहात खपल्यावर, इंग्लंडने गांडुळांना लॉनवर सुखाने राहू दिलं असेल असं वाटेल. झालं उलटंच. आणि इथे गोष्ट एकदम आमच्या घरापाशी येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये गोल्फचं पेव फुटलं होतं. गोल्फचं मैदान म्हणजे लॉनचं कडक सोवळं. गोळीला अडून चेंडू वाकडा गेला की सभासद चिडणार. तिथल्या माळ्यांना तेव्हा एक रामबाण औषध मिळालं. तपकिरी भुकटी पसरायची, वर भरपूर पाणी सोडायचं, आणि थोड्याच वेळात गांडुळं तडफडत वर येतात. मग खराट्याने लोटायची, घमेली भरायची. जुन्या बागकामाच्या पुस्तकांत या भुकटीचं नाव "मोव्रा मील" असं सापडतं. मी दोनदा वाचलं. मोव्रा? झाडाचं लॅटिन नाव बघितलं आणि खुर्चीत सरळ बसले. बासिया लॅटिफोलिया. म्हणजे आपला मोह!

माझं आजोळ गडचिरोलीकडचं. मोह म्हणजे मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडलेला फुलांचा सडा, टोपल्या घेऊन वेचायला आलेल्या बाया, आणि अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा तो गोडसर, डोकं धरणारा वास. फुलांची भाकरी, फुलांची दारू, बियांचं तेल, सगळं त्या एका झाडाचं. ते झाड इंग्लंडच्या हिरवळीवर काय करत होतं?

वाट अशी. मोहाच्या बियांत तेल भरपूर. युरोपातल्या साबण आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यांना ते हवं होतं, म्हणून पहिल्या महायुद्धाआधी मुंबई बंदरातून मोहाच्या बिया मोठ्या प्रमाणात बाहेर जात, विशेषतः जर्मनीला. तेल काढल्यावर पेंड उरते. पण भुईमुगाच्या किंवा सरकीच्या पेंडीसारखी ही गुरांना घालता येत नाही, कारण तिच्यात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. गुरं खात नाहीत तर या पेंडीचं करायचं काय? एक तर खत, नाही तर गांडुळांवर विष. गांडुळाच्या ओल्या, नाजूक कातडीला हे द्रव्य सहन होत नाही. (त्याच सुमाराची आणखी एक नोंद : १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारने दारूबंदीच्या नव्हे, दारूवरच्या महसुलाच्या काळजीने मोहफुलं जवळ बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. वेचणाऱ्या बाईच्या टोपलीवर कायदा, आणि बियांना बोट.)

जुन्या पुस्तकांतलं प्रमाण आहे दर चौरस यार्डाला अर्ध्या पौंडापर्यंत. डार्विनने पुस्तकात हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाचा अंदाज दिलाय, बागेच्या जमिनीत एकरी ५३,७६७ गांडुळं. (नंतरच्या मोजण्यांत चांगल्या कुरणात याच्या कितीतरी पट निघाली.) मी भागाकार केला : चौरस यार्डाला अकरा. अकरा गांडुळांसाठी अर्धा पौंड विष.

आणि हे लिहिताना ज्याची मला सगळ्यात गंमत वाटते (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही) ती गोष्ट वेगळीच. गोल्फवर लिहिणाऱ्या इंग्रज लेखकांत पहिलं नाव घेतात ते बर्नार्ड डार्विन यांचं. १९०७ पासून १९५३ पर्यंत ते लंडनच्या टाइम्समध्ये गोल्फवर लिहीत होते. हे चार्ल्स डार्विनचे नातू. जन्मतःच आई गेली म्हणून आजी-आजोबांनी डाउन हाउसमध्ये वाढवलेले. आजोबा कुंडीतल्या गांडुळांना शिट्टी ऐकवून, पियानोवर कुंड्या ठेवून, त्यांना ऐकू येतं का ते तपासत होते, तेव्हा हे पोर त्याच घरात रांगत-खेळत होतं. त्यांनी आयुष्यभर ज्या मैदानांची वर्णनं लिहिली, त्यातल्या कित्येकांवर पुढे मोहाची पेंड पडली.

आई चंद्रपूरला असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मोहाची पेंड तळ्यात टाकतात गं. मासे वर येतात." खरंच आहे. आजही आपल्याकडे मत्स्यशेतीत नवीन बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड वापरतात, मीटरभर खोलीच्या तळ्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो. अर्ध्या पौंडाचा हिशेब हेक्टरी केला तर येतात २,७०० किलो. म्हणजे मात्राही जवळपास तीच.

"पण तिकडे कशासाठी?" आईने विचारलं.

"गवतासाठी."

"गवत गुरांना?"

"नाही गं. नुसतंच गवत. बघायला, खेळायला."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथून मोह नेला, गवत बघायला."

"तेल काढून उरलेली पेंड, आई."

"हो, उरलेलीच," ती म्हणाली आणि विषय बदलला. मी मात्र तेव्हाच ठरवलं की आपण गांडुळांच्या वाटेला जायचं नाही.

तसंही आता जायची सोय नाही. मोहाच्या पेंडीमागून लेड आर्सेनेट आलं, मग क्लोरडेन. पेंड निदान कुजून खत तरी व्हायची, ही दोघं जमिनीत वर्षानुवर्षं मुक्काम करणारी. क्लोरडेन १९९० च्या दशकात इथे बंद झालं. मग बुरशीनाशक कार्बेंडाझिमवर काम चालत होतं (आपल्याकडचे द्राक्षवाले ज्याला बाविस्टिन म्हणतात ते), त्याचाही परवाना २०१७ मध्ये गेला. आता गांडुळं मारण्यासाठी परवाना असलेलं औषध इथे उरलेलं नाही. डार्विनच्या पुस्तकानंतर एकशे छत्तीस वर्षांनी गांडुळांची सुटका झाली.

तर मग लॉनचं काय केलं? रोलरवाल्यांचं मी ऐकलं नाही. रोलरने उंचवटा खाली बसत नाही, सगळीच जमीन आवळते, पाणी मुरत नाही आणि शेवाळाचं फावतं. गुंडाळ्याही आणल्या नाहीत, खालचे खड्डे त्यांनी झाकले असते इतकंच. सप्टेंबर उजाडला. जमीन अजून उबदार, पाऊस सुरू होतोय, नवीन बी टाकायला इथे हाच मुहूर्त. गवत आखूड कापलं. दाताळ्याने शेवाळ आणि मेलेलं काड ओरबाडून काढलं. ते एवढं निघालं की लॉनची पार भादरलेली अवस्था झाली. मग फोर्कने वीत-वीत अंतरावर भोकं पाडली. कंबर काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

उंचवट्यांना शस्त्रक्रिया लागते. वरच्या गवताला आडव्या एच अक्षरासारखी चीर द्यायची, दोन्ही बाजूंनी गालिच्यासारखं उलटायचं, खालची माती काढायची आणि गवत परत मिटवायचं. खड्ड्यात तेच, फक्त माती भरायची. मधला लांबट खड्डा असा उघडला तेव्हा फोर्क कशाला तरी अडला. गंजलेल्या पन्हाळी पत्र्याचा हातभर तुकडा, कडेला बोल्टचं भोक.

शेजारचे आजोबा नव्वदीला टेकलेत, जन्म याच रस्त्यावरचा. कुंपणावरून त्यांनी तो तुकडा पाहिला आणि लगेच ओळखला. १९३९ मध्ये सरकारने घरोघरी वाटलेले अँडरसन शेल्टर. कमी उत्पन्नवाल्यांना फुकट, बाकीच्यांना सात पौंडांना. पन्हाळी पत्रे बोल्टने जोडायचे, चार फूट खड्ड्यात अर्धं गाडायचं, वर माती टाकायची आणि बॉम्ब पडायला लागले की आत जाऊन बसायचं. साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. मी टेप आणून माझा खड्डा मोजला. थोडा पसरट झालाय, पण बसतो. युद्धानंतर पत्रे काढून नेले, खड्डा भुसभुशीत मातीने भरला आणि ती माती दबत गेली. आजोबा म्हणाले, आत नेहमी घोटाभर पाणी असायचं आणि त्यांना विमानांपेक्षा त्या पाण्यातल्या बेडकांची भीती वाटायची. त्यांनी तो तुकडा मागून घेतला. आता त्यांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.

त्याच पुस्तकात डार्विनने ॲबिंजर इथल्या रोमन घराच्या फरशीबद्दल लिहिलंय. गांडुळांनी ती मातीखाली झाकली म्हणून शतकानुशतकं टिकली. पुरातत्त्ववाल्यांनी गांडुळांचं ऋणी असावं असं त्यांचं म्हणणं. आमचा पत्रा काही रोमन नाही, पण ऐंशी वर्षांत तोही वीतभर खाली गेलाच होता.

खड्डा एका दमात भरता येत नाही. जास्त माती टाकली की गवत गुदमरतं. वाळू, चाळलेली माती आणि कुजलेलं खत यांचं मिश्रण पातळ थरात पसरायचं, एका वेळी अर्धा सेंटीमीटर, फार तर एक, आणि दाताळ्याच्या पाठीने घोळवायचं. इथली बागकामाची सगळी पुस्तकं हेच सांगतात, दर वर्षी पाचेक मिलिमीटर. आकडा ओळखीचा वाटला? खडूचं कुरण, वर्षाला साडेपाच. मी पाठीवर वाहून आणलेली माती भरली अर्धा घनमीटर, म्हणजे पाऊण टन. डार्विनचा एकरी दहा टनांचा हिशेब लावला तर माझ्या शंभर मीटरवर गांडुळं दर वर्षी अडीचशे किलो माती वर आणतात, चाळून, कुजवून, फुकट.

मग बी. राईग्रास आणि फेस्क्यू मिसळून. पाकीट हातात घेताना आठवलं ते १८६९ चं, फिशसाहेबांच्या आक्षेपाचंच साल. ब्रिटिश पार्लमेंटने तेव्हा बियाण्यातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला होता, कारण व्यापारी स्वस्त बी भाजून मारत आणि चांगल्या बियाण्यात मिसळत. मेलेलं बी उगवतच नाही, म्हणजे चोरी उघडकीला येत नाही! आपल्याकडे बोगस बियाण्याच्या बातम्या वाचून कपाळाला हात लावणाऱ्यांनी हेही वाचावं. क्लोव्हर मी काढलं नाही. हवेतला नत्र जमिनीत आणून देणाऱ्या भाडेकरूला कोण काढतं?

नवव्या दिवशी सकाळी दवात हिरवी लव दिसली. पहिल्या कापणीला पाती उंच ठेवली आणि जेमतेम शेंडे छाटले. नव्या गवतात मातीच्या गोळ्या आल्याच आहेत. त्या ओल्या असताना मी तिकडे पाऊल टाकत नाही. दुपारी उन्हाने वाळल्या की खराटा घेऊन चौफेर झटकते, तेवढीच बारीक माती सगळीकडे पसरते. शेल्टरचा खड्डा अजून तीन बोटं खोल आहे आणि पावसाळी दिवशी पक्षी तिथे अंघोळीला येतात. पुढच्या सप्टेंबरात आणखी एक थर टाकीन.